हात पंधरा मिनिटांत पूर्ववत झाला, मग आता दवाखाना कशाला?

प्रश्न : माझे वडील ७१ वर्षांचे आहेत. तीन आठवड्यांपूर्वी सकाळी शर्टाची बटणं लावताना त्यांच्या उजव्या हाताची बोटं अचानक चालेनाशी झाली. बोलायला गेले तर तोंडातून भलतेच शब्द येत होते. आम्ही घाबरून त्यांना झोपवलं, पाणी पाजलं. पंधरा-वीस मिनिटांत हात आणि बोलणं दोन्ही पूर्ववत झालं, म्हणून दवाखान्यात गेलो नाही. ‘अशक्तपणा होता, आता मी ठणठणीत आहे’ असं ते म्हणतात. त्यांना रक्तदाबाची गोळी आहे, पण घरच्या मशीनवर आकडा जास्त दिसला तरच ते ती घेतात. हा पक्षाघाताचा झटका होता का? पुन्हा असं झालं तर काय करायचं? माझ्या आजीलाही पक्षाघात झाला होता. मी ४६ वर्षांची आहे. रक्त पातळ करणारी गोळी मी आतापासूनच सुरू करावी का? वर्षातून एकदा सलाइन लावून घेतलं की गुठळी होत नाही, असंही ऐकलं आहे. ते खरं का?

उत्तर : बाकीचं नंतर वाचा, आधी वडिलांना आजच्या आज डॉक्टरांकडे न्या. न्यूरॉलॉजिस्टची वेळ आठवड्यानंतरची मिळत असेल तर थांबू नका. फिजिशियनकडे किंवा मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा आणि ‘तीन आठवड्यांपूर्वी उजवा हात आणि बोलणं पंधरा मिनिटं गेलं होतं’ हे पहिल्याच वाक्यात सांगा. ‘अशक्तपणा वाटतोय’ असं सांगितलंत तर रांगेत बसाल.

पत्रावरून निदान करता येत नाही. अर्धशिशी, फिट किंवा रक्तातली साखर एकदम उतरणं यांमुळेही कधीकधी असं होतं. पण ७१ वर्षांचा, रक्तदाब असलेला माणूस, एका बाजूचा हात आणि बोलणं एकाच वेळी अचानक जाणं आणि काही मिनिटांत परत येणं, हे सगळं एकत्र आलं की डॉक्टरांच्या मनात पहिलं नाव येतं ते टीआयएचं (ट्रान्झियंट इस्केमिक अटॅक, म्हणजे थोड्या वेळापुरता आलेला पक्षाघात). मेंदूच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा थोडा वेळ तुटतो आणि गुठळी विरघळून किंवा पुढे सरकून तो पुन्हा सुरू होतो. उजवा हात आणि शब्द या दोन्हींचा कारभार बहुतेक माणसांत मेंदूच्या डाव्या बाजूकडे असतो. म्हणजे तुम्ही सांगितलेल्या दोन लक्षणांची जागाही एकच निघते, आणि म्हणूनच ‘अशक्तपणा’ हे स्पष्टीकरण आम्हाला पटत नाही. अशक्तपणा असा एकाच हाताला धरून येत नाही.

बरं वाटलं म्हणजे काही बिघडलं नाही, असंही नाही. पूर्वी लक्षणं २४ तासांत गेली की त्याला टीआयए म्हणायचे आणि नुकसान झालं नाही असं धरून चालायचे. एमआरआय आल्यावर कळलं की अशा साधारण एक तृतीयांश रुग्णांच्या मेंदूत खरोखरच छोटा भाग मेलेला असतो. आणि पुढचा धोका त्याहून महत्त्वाचा आहे. जुन्या अभ्यासांत टीआयएनंतरच्या ९० दिवसांत दर १०० जणांपैकी १० ते १५ जणांना पूर्ण झटका आलेला दिसला होता, त्यातल्या जवळपास निम्म्यांना पहिल्या ४८ तासांत. ऑक्सफर्डच्या एका अभ्यासात (२००७) अशा रुग्णांची तपासणी आणि औषधं त्याच दिवशी सुरू करायची व्यवस्था लावली, तेव्हा ९० दिवसांत पुन्हा झटका येण्याचं प्रमाण १०.३ टक्क्यांवरून २.१ टक्क्यांवर आलं. नवं कुठलंच औषध त्यात नव्हतं, होती ती फक्त घाई. तुमचे सगळ्यात धोक्याचे दिवस सरले आहेत, पण ९० दिवस अजून सरलेले नाहीत, आणि मूळ कारण जिथे होतं तिथेच आहे.

डॉक्टर आता ते कारण शोधतील. गुठळी येण्याच्या मुख्य जागा तीन. पहिली मानेतली कॅरोटिड धमनी, जिच्या आतल्या भिंतीवर चरबीचा थर साचतो आणि त्याचा तुकडा सुटून मेंदूत जातो. दुसरी जागा हृदय. तिसरी म्हणजे मेंदूच्या आत खोलवर गेलेल्या केसासारख्या बारीक धमन्या, ज्या वर्षानुवर्षांच्या रक्तदाबाने जाड होऊन आतून बुजतात. म्हणून मेंदूचा एमआरआय, मानेच्या धमन्यांचा डॉपलर (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) किंवा सीटी अँजिओग्राफी, ईसीजी, गरज वाटली तर इको (हृदयाची सोनोग्राफी), आणि रक्तात साखर, एचबीए१सी (साधारण तीन महिन्यांची सरासरी साखर), कोलेस्टेरॉल, क्रिएटिनिन, हिमोग्लोबिन व प्लेटलेट्स, एवढ्या तपासण्या साधारण होतात. ताजी इजा एमआरआयमध्ये ठळक दिसते ती साधारण पहिले दहा-चौदा दिवस. तीन आठवड्यांनी ‘ताजं काही नाही’ असा रिपोर्ट आला तर तो ‘काहीच झालं नव्हतं’ असा वाचू नका.

डॉपलरमध्ये डावी कॅरोटिड नीट बघितली गेली आहे ना, हे विचारा. तिच्यात ५० टक्क्यांहून जास्त अरुंदपणा सापडला तर शस्त्रक्रियेचा किंवा स्टेंटचा विचार होतो. ७० टक्क्यांच्या वर असेल तर फायदा स्पष्ट असतो. ही शस्त्रक्रिया झटक्यानंतर दोन आठवड्यांच्या आत झाली तर सर्वात जास्त उपयोगी पडते आणि जसजसा उशीर होतो तसतसा फायदा घटतो. ती मुदत तुमच्या हातून गेली आहे. म्हणूनच आणखी एक आठवडा घालवू नका, असं आम्ही पुन्हा सांगतो.

हृदयाकडचा मुख्य संशयित म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन. हृदयाचे वरचे कप्पे आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरतात, तिथे रक्त साकळतं आणि गुठळी होते. यात पक्षाघाताचा धोका साधारण पाचपट होतो. अडचण अशी की हा बिघाड येतो आणि जातो, त्यामुळे दहा सेकंदांच्या ईसीजीत तो सापडेलच असं नाही. अशा वेळी २४ तासांचा किंवा त्याहून लांबचा होल्टर, म्हणजे सतत ईसीजी नोंदवणारं अंगावरचं छोटं यंत्र, लावतात. घरीही एक काम करता येतं. वडिलांच्या मनगटावर अंगठ्याच्या मुळाशी तुमची दोन बोटं ठेवा आणि पूर्ण एक मिनिट नाडी बघा. मोजण्यापेक्षा लय ऐकल्यासारखी लक्ष देऊन बघा. ठोके कसलाही मेळ नसल्यासारखे, कधी घाईने कधी रेंगाळत पडत असतील तर ते लिहून ठेवा आणि डॉक्टरांना सांगा. मधेच एखादा ठोका चुकणं ही वेगळी गोष्ट आहे, ते बऱ्याच निरोगी माणसांतही होतं.

जाताना सोबत न्यायचं ते असं : सगळ्या गोळ्यांची पाकिटं (चिठ्ठी नाही, पाकिटंच, चिठ्ठीत न लिहिलेल्या गोळ्या त्यातच सापडतात), घरच्या रक्तदाबाच्या नोंदी, आणि त्या सकाळचं वर्णन. किती वाजता सुरू झालं, किती मिनिटं राहिलं, तोंड वाकडं झालं होतं का, पायातही जोर कमी होता का, डोकं दुखत होतं का. बोलण्याबद्दल एक फरक मुद्दाम आठवा. शब्द बरोबर होते पण जड जिभेने, बोबडे येत होते, की उच्चार स्वच्छ होता पण शब्दच चुकीचे येत होते? तुमच्या पत्रावरून दुसरं वाटतं. या दोन तक्रारी मेंदूच्या वेगवेगळ्या भागांकडे बोट दाखवतात, आणि तो प्रसंग डोळ्यांनी पाहिलेल्या माणसाशिवाय हे कोणीच सांगू शकत नाही. तेव्हा दवाखान्यात जाताना त्या वेळी घरात असलेली व्यक्ती बरोबर हवी.

आता पुन्हा असं झालं तर.

त्या वेळी तीन गोष्टी तपासा, एका मिनिटात होतात. दात दाखवून हसायला सांगा. ओठाचा एक कोपरा वर जात नसेल तर ते लक्षण. दोन्ही हात समोर धरून, तळवे वर करून, डोळे मिटून दहा सेकंद ठेवायला सांगा; एक हात खाली येत असेल किंवा आत वळत असेल तर ते लक्षण. एक साधं वाक्य म्हणायला सांगा. शब्द फिरले, अडखळले किंवा सांगितलेलं कळलंच नाही तर ते लक्षण. तिन्हींपैकी एकही पुरे आहे. यात न बसणारी काही लक्षणंही तितकीच गंभीर असतात : अचानक तोल जाऊन नीट उभंही राहता न येणं, एका डोळ्यासमोर पडदा पडल्यासारखं दिसेनासं होणं, एकाची दोन दिसणं, आणि आयुष्यात कधी झाली नाही अशी क्षणात शिगेला पोचलेली डोकेदुखी. ही शेवटची मेंदूच्या पृष्ठभागावरच्या रक्तस्रावाची खूण असू शकते. या सगळ्यांत समान शब्द ‘अचानक’ हा आहे. दोन्ही हातांना महिन्यांपासून येणाऱ्या मुंग्या सहसा दुसऱ्या कारणाने असतात.

लक्षण दिसलं की घड्याळ बघा आणि वेळ लिहा. डॉक्टरांना खरं तर दोन वेळा लागतात : लक्षणं कधी दिसली, आणि त्याआधी माणूस पूर्ण ठीक होता असं शेवटचं कधी पाहिलं. सकाळी सहाला उठल्यावर हात हलत नव्हता, पण रात्री दहाला झोपताना सगळं ठीक होतं, तर डॉक्टरांचं घड्याळ रात्री दहापासून सुरू होतं. अशा रुग्णांतही एमआरआयच्या किंवा सीटीच्या विशेष तपासणीवरून उपचार देता येतात, तेव्हा ‘आता काय उपयोग’ असं घरी बसून ठरवू नका. रुग्णवाहिका बोलवा, फोनवर ‘पक्षाघाताचा संशय’ हे शब्द वापरा. लक्षणं पाच मिनिटांत गेली तरी रुग्णवाहिका परत पाठवू नका.

ती येईपर्यंत तोंडाने काहीही देऊ नका. तीन आठवड्यांपूर्वी पाणी पाजलंत ते निभावलं, पण झटक्यात गिळण्याची क्रियाही बिघडलेली असू शकते. पाणी श्वासनलिकेत जातं आणि दोन दिवसांनी न्यूमोनिया होतो. ॲस्पिरिनही नको. हृदयविकाराच्या झटक्यात ॲस्पिरिन चघळायला देतात हे लोकांनी ऐकलेलं असतं आणि तेच इथे करतात. पण हा झटका गुठळीचा आहे की रक्तवाहिनी फुटल्याचा, हे बाहेरून कुठल्याच डॉक्टरला खात्रीने सांगता येत नाही. ते सीटी स्कॅन सांगतो. फुटलेली असेल तर ॲस्पिरिन रक्तस्राव वाढवू शकतं. रक्तदाबाची जादा गोळी तर अजिबात नको. झटक्यात रक्तदाब वर जातो तो बऱ्याचदा बंद पडलेल्या भागाकडे रक्त ढकलण्यासाठी. तो घरी धाडकन खाली आणला तर वाचण्यासारखा भागही जातो. रुग्णालयातसुद्धा, गुठळी विरघळवण्याचं औषध द्यायचं नसेल तर गुठळीच्या झटक्यात बहुधा २२०/१२० च्या वर गेल्याशिवाय पहिल्या दिवशी रक्तदाब मुद्दाम उतरवत नाहीत. बोटांना सुई टोचून रक्त काढायचा जो निरोप मोबाइलवर फिरत असतो, त्याने फक्त वेळ जातो. ग्लुकोमीटर हाताशी असेल तर साखर मात्र बघा आणि आकडा सांगा, कारण साखर फार उतरली तर हुबेहूब पक्षाघातासारखं चित्र दिसतं. माणूस गुंगीत असेल किंवा उलटी होत असेल तर एका कुशीवर वळवून ठेवा.

एवढी घाई कशासाठी, तर मोठी धमनी बंद पडल्यावर मिनिटाला सरासरी १९ लाख चेतापेशी मरतात असा हिशेब मांडला गेला आहे. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन, आल्टेप्लेज किंवा टेनेक्टेप्लेज, सर्वसाधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. मोठ्या धमनीतली गुठळी जांघेतून नळी घालून ओढून काढता येते. त्याची नेहमीची मुदत सहा तास, आणि स्कॅनमध्ये वाचवण्यासारखा भाग शिल्लक दिसला तर निवडक रुग्णांत २४ तासांपर्यंत. पण साडेचार तास म्हणजे साडेचार तास हाताशी आहेत असं नव्हे. त्यात प्रवास, स्कॅन, रक्त तपासणी, रक्तदाब १८५/११० च्या खाली आणणं, हे सगळं बसतं, आणि पहिल्या तासात दिलेलं औषध चौथ्या तासातल्यापेक्षा बरंच जास्त काम करतं. म्हणून चोवीस तास सीटी स्कॅन आणि हे इंजेक्शन देण्याची सोय कोणत्या रुग्णालयात आहे, गुठळी ओढून काढण्याची सोय कुठे आहे, हे आजच फोन करून विचारून ठेवा. जवळच्या लहान दवाखान्यात आधी दाखवून मग पुढे जाण्यात बऱ्याच जणांची मुदत संपते.

आता गोळीविषयी. ‘मशीनवर आकडा जास्त दिसला तरच घेतात’, ही तुमच्या पत्रातली आम्हाला सगळ्यात धोक्याची वाटलेली ओळ. टीआयएपेक्षाही, कारण टीआयए बहुधा तिच्याच पोटातून आला असावा. ३२ देशांत झालेल्या इंटरस्ट्रोक अभ्यासात (२०१६) बदलता येण्यासारख्या दहा घटकांवर पक्षाघाताच्या एकूण धोक्याचा सुमारे ९० टक्के भार निघाला, आणि त्यात एकट्या उच्च रक्तदाबाचा वाटा जवळजवळ निम्मा. वरचा आकडा १० ने कमी ठेवला तर झटक्याचा धोका साधारण पाव हिश्श्याने घटतो. दुसरी कुठलीच एक गोष्ट एवढं देत नाही. आणि गोळी ही डोकेदुखीच्या गोळीसारखी त्या क्षणापुरती नसते. आज आकडा १२६ आला तो कालच्या गोळीमुळे. ती सोडली की दोन-चार दिवसांत दाब चढतो, दिसला की पुन्हा गोळी, मग पुन्हा उतार. या चढउतारात धमन्यांना स्थिर दाब कधीच मिळत नाही. काही गोळ्या, उदाहरणार्थ क्लोनिडिन, अचानक थांबवल्या तर दाब उसळून पूर्वीपेक्षाही वर जातो.

मशीनचा आकडाही नीट घेतला तरच खरा. मापण्याआधी अर्धा तास चहा, कॉफी, तंबाखू, व्यायाम नको. लघवीला जाऊन या. पाठ टेकून, पावलं जमिनीवर, पायावर पाय न टाकता पाच मिनिटं गप्प बसा. कफ, म्हणजे यंत्राचा फुगणारा पट्टा, उघड्या दंडावर, कोपराच्या घडीच्या दोन बोटं वर बांधा. शर्टाच्या बाहीवरून नको आणि बाही घट्ट वर सारूनही नको. हात टेबलावर, हृदयाच्या उंचीवर टेकलेला असावा. तो नुसता बाजूला लोंबत असेल तर आकडा सहा-सात अंकांनी फुगतो, मांडीवर ठेवला तरी थोडा वाढतो. जाड दंडाला लहान कफ बांधला तर आकडा खोटा चढतो, म्हणून दंडाचा घेर मोजून कफ घ्या. आतली फुगणारी पिशवी दंडाच्या किमान ८० टक्के भागाला वेढा घालणारी हवी. मनगटावरची यंत्रं शक्यतो टाळा. पहिल्यांदा दोन्ही हातांवर बघा आणि ज्या हातावर आकडा जास्त येतो तोच पुढे कायम वापरा.

सात दिवस सकाळी गोळीच्या आधी आणि रात्री, प्रत्येक वेळी एक मिनिटाच्या अंतराने दोन वाचनं घ्या आणि सगळी लिहा, आवडलेली तेवढीच नाही. पहिल्या दिवसाची सोडून बाकीच्यांची सरासरी काढा. घरची सरासरी १३५/८५ किंवा त्याहून जास्त असेल तर दाब आटोक्यात नाही. टीआयए होऊन गेलेल्या माणसाला सोसत असेल तर १३०/८० च्या खाली ठेवायचं उद्दिष्ट बहुतेक डॉक्टर धरतात. ७१ व्या वर्षी आणखी एक मोजणी करा : बसून मोजल्यावर उभं राहून एक आणि तीन मिनिटांनी पुन्हा मोजा. वरचा आकडा २० किंवा जास्त उतरला, किंवा अंधारी आली, तर डॉक्टरांना सांगा. ते गोळी किंवा तिची वेळ बदलतील. पडण्याच्या भीतीने स्वतःच गोळी सोडू नका.

गोळी नियमित असूनही दाब उतरत नसेल तर कपाटात बघा. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या आणि चोंदलेलं नाक मोकळं करणारी औषधं दाब वाढवतात. पाण्यात फसफसणाऱ्या वेदनाशामक गोळ्यांत एकेकीत सुमारे ४०० मिलिग्रॅम सोडियम असू शकतं, आणि दिवसभराची मर्यादाच २ ग्रॅम सोडियम, म्हणजे ५ ग्रॅम मीठ, एक सपाट चहाचा चमचा. पाकिटावर सोडियम लिहिलेलं असतं. त्याला अडीचने गुणलं की मीठ. १०० ग्रॅममध्ये ६०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त सोडियम असलेला पदार्थ खारटच समजावा, चवीला गोड लागला तरी. नेहमीच्या मिठाऐवजी एक चतुर्थांश पोटॅशियम क्लोराइड असलेलं मीठ वापरून चीनमध्ये सुमारे २१ हजार लोकांवर झालेल्या चाचणीत (२०२१) पक्षाघात १४ टक्क्यांनी कमी झाले. पण मूत्रपिंडाचा आजार असेल किंवा रॅमिप्रिल, टेल्मिसार्टन, स्पायरोनोलॅक्टोन यांसारख्या गोळ्या चालू असतील तर पोटॅशियम घातक पातळीला जाऊ शकतं, तेव्हा विचारल्याशिवाय ते मीठ घरात आणू नका. आणखी एक कारण सहसा कुणी सांगत नाही, ते झोपेचं. जोराचं घोरणं, मधेच श्वास थांबून दचकल्यासारखा पुन्हा सुरू होणं आणि दिवसा पेंग, हे तिन्ही असेल तर स्लीप ॲप्नियाची तपासणी मागा.

वडिलांना रक्त पातळ करणारी औषधं बहुधा सुरू होतील. कोणती, हे कारणावर ठरतं. टीआयए झाल्यावर २४ तासांत पोचलेल्यांना ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल दोन्ही एकत्र साधारण २१ दिवस देतात आणि पुढे एकच ठेवतात. तीन आठवड्यांनी काय द्यायचं ते डॉक्टर ठरवतील. एट्रियल फिब्रिलेशन सापडलं तर ॲस्पिरिन पुरत नाही. तिथे वॉरफेरिन किंवा ॲपिक्साबानसारखं वेगळ्या जातीचं औषध लागतं, जे झटक्याचा धोका दोन तृतीयांशांनी घटवतं. वॉरफेरिन असेल तर आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा) बहुतेकांत २ ते ३ मध्ये ठेवावा लागतो. यातलं कुठलंही औषध दात काढायचा आहे किंवा जरा खरचटलं म्हणून परस्पर बंद करायचं नाही. कोलेस्टेरॉलची गोळीही येईल, आधीचा रिपोर्ट ‘नॉर्मल’ असला तरी. गुठळीच्या झटक्यानंतर एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, ७० च्या खाली ठेवायचं असतं, आणि प्रयोगशाळेच्या कागदावरची नॉर्मलची रेघ झटका न आलेल्या माणसासाठी आखलेली असते.

आता तुमचं. ॲस्पिरिन सुरू करू नका. ज्यांना हृदयविकार किंवा पक्षाघात झालेला नाही अशा लोकांवरच्या तीन मोठ्या चाचण्यांचे निकाल २०१८ साली आले. जो काही थोडा फायदा दिसला तो पोटातल्या आणि इतर रक्तस्रावांनी खाऊन टाकला होता. आजीच्या पक्षाघातातून तुमच्याकडे काही आलंच असेल तर ते बहुधा रक्तदाबाच्या किंवा मधुमेहाच्या वाटेने आलं असेल, आणि ते दोन्ही मोजता येतात. वर सांगितलेली सात दिवसांची मोजणी तुम्हीही करा. साखर आणि कोलेस्टेरॉल एकदा बघा. गरोदरपणात रक्तदाब वाढला होता का, हे डॉक्टरांना सांगा. वीस वर्षांपूर्वीचं असलं तरी सांगा, कारण त्या स्त्रियांना पुढे पक्षाघाताचा धोका जास्त असतो. डोळ्यांसमोर चमकत्या वाकड्यातिकड्या रेघा येऊन मग डोकं दुखत असेल तर इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या टाळायला हव्यात, आणि त्यात धूम्रपानाची भर पडली तर धोका कितीतरी वाढतो. तंबाखू कोणत्याही रूपात असो, सोडलीच पाहिजे. ‘कमी केली’ याला फारसा अर्थ नाही. आठवड्याला १५० मिनिटं अशा वेगाने चाला की बोलता येईल पण गाता येणार नाही.

सलाइनचं मात्र स्पष्ट सांगतो. वर्षातून एकदा सलाइन लावल्याने गुठळ्या टळतात याला कुठलाही आधार नाही. शिरेतून गेलेलं पाणी काही तासांत लघवीवाटे निघून जातं. त्यात औषध घातलेलं असलं तरी त्याचा परिणाम वर्षभर टिकत नाही. खरा तोटा वेगळाच असतो : सलाइन घेतलं म्हणून माणूस निर्धास्त होतो आणि रोजची गोळी सोडतो.

वडील ‘मी ठणठणीत आहे’ म्हणत तयार होत नसतील तर मरणाची भीती घालू नका. त्या वयाच्या माणसावर ती फारशी चालत नाही. उजवा हात आणि बोलणं कायमचं गेलं तर बटणं कोण लावणार, नावं कशी घेणार, एवढंच विचारा. आणि डॉक्टर हो म्हणेपर्यंत त्यांना गाडी चालवू देऊ नका, शिडीवर चढू देऊ नका, घरात एकटं ठेवू नका. तपासणीला निघताना सकाळची रक्तदाबाची गोळी नेहमीच्या वेळी द्या. रक्त उपाशीपोटी द्यायचं असेल तरी ती घोटभर पाण्याबरोबर घेता येते. मधुमेहाची गोळी किंवा इन्शुलिन असेल तर उपाशीपोटी घ्यायचं की नाही, हे मात्र आधी फोन करून विचारून घ्या.